निळ्या पट्ट्यांचा सदरा

बाजारात पोराचं बोट सुटलं आणि बिरप्पानं हाक मारली. झालं ते एवढंच. बाजारात कुणाचं ना कुणाचं पोर चुकतंच, आणि कुणीतरी बाप गळा काढून ओरडत फिरतोच; मंगळवार पेठेतल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. मिरच्या निवडायला म्हणून त्यानं हात सोडला होता. मान वर केली तर शेजारी धोतरं होती, लुगडी होती, एक बैल होता, आणि पोर नव्हतं. अशा वेळी काय ओरडायचं याचा विचार करायला माणूस थांबत नाही. ‘गुंडाऽ,’ तो ओरडला, ‘ए गुंडाऽ!’ आणि ओरडता ओरडताच त्याला पोर दिसलं. ते लांब गेलंच नव्हतं. चुरमुऱ्याच्या पाटीपाशी उभं होतं, तोंड बिरप्पाकडंच होतं. त्यानं बापाला पाहिलं, बाप ओरडतोय हेही पाहिलं. मग कोण येतंय म्हणून मागं वळून पाहिलं, आणि ज्याला बोलावणं चाललंय त्याला वाट मिळावी म्हणून ते शहाण्यासारखं एक पाऊल बाजूला सरकलं.

बिरप्पाला मिरच्यांच्या टोपलीचा आधार घ्यावा लागला. मिरचीवाली खेकसली, तेही त्याला नीट ऐकू आलं नाही. मग त्यानं दुसरी हाक मारली, बारीक आवाजात, पुटपुटल्यासारखी. ‘सोमा.’ एवढ्या गलबल्यात ती कुणाला ऐकू जायला नको होती. पण पोर धावत आलं, त्यानं बापाचं बोट धरलं आणि वर पाहून विचारलं, ‘आबा, कुनाला हाका मारत हुता?’

‘कुनाला न्हाय.’

‘मग वरडला का?’

‘असंच,’ बिरप्पा म्हणाला, आणि चालायला लागला.

पोराचा हात गरम होता, थोडा चिकट होता, रोजच्यासारखा होता. तो रोजच्यासारखा होता याचीच बिरप्पाला भीती वाटली. हा हात त्याच्या पोटच्या पोराचा, राजाबाईच्या पोराचा. राजाबाई तापानं गेली तेव्हा पोर रांगत होतं. तिच्या बापाचं नाव म्हणून तिनंच त्याला गुंडा म्हटलं होतं. सोमा निराळा. सोमा मायाक्काचा. मायाक्का विधवा झाली होती, बिरप्पानं तिच्याशी पाट लावला, तेव्हा ती कडेवर सोमाला घेऊनच घरात आली. दोघं पोरं एका वयाची, एका ताटात जेवणारी. मग दोन वर्षांमागं, सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या उन्हाळ्यात, गोवर आला, आणि सोमा गेला. बिरप्पानं स्वतः त्याला मूठमाती दिली होती. मेला तो सोमा, उरला तो गुंडा. यात घोळ कसला? चालता चालता त्यानं वाकून पोराच्या डाव्या कानामागं पाहिलं. राजाबाईला होता तसाच तीळ होता. तीळ जागच्या जागी होता. पण भर बाजारात गुंडा म्हणून ओरडलं तर कुणी येत नाही, आणि सोमा म्हटलं की पोर धावत येतं. मग मूठमाती दिली ती कुणाला?

आज बापलेक बाजारात आले होते ते सदऱ्यासाठी. पोराच्या अंगात होता तो निळ्या पट्ट्यांचा सदरा, गिरणीत कामगारांना स्वस्तात मिळणाऱ्या तुकड्याचा. पोर वाढत गेलं तसं मायाक्कानं त्याला बगलेत कळ्या घातल्या, खाली पट्टी जोडली, पाठीवर ठिगळं लावली. आता मूळचं कापड गळ्यापाशी आणि छातीवर उरलं होतं तेवढंच. तरी पोराला तोच हवा. मायाक्का तो धुऊन वाळत घालायची तेव्हा पोर उघडंबंब त्याच्या खाली बसून राहायचं, आणि सदरा वाळेपर्यंत तिच्या जवळ फिरकायचं नाही. बिरप्पा हसायचा. म्हणायचा, लाजतंय लेकाचं. आता सदरा इतका तोकडा झाला होता की गल्लीतल्या बायका नावं ठेवायला लागल्या होत्या. वाटेवर शिवलेले कपडे मांडून बसणाऱ्या चन्नप्पापुढं बिरप्पा थांबला. चन्नप्पानं एक पांढरा सदरा झटकून हवेत धरला.

‘बा तम्मा, बा,’ त्यानं कानडीत पोराला जवळ बोलावलं. ‘अंगातला काढ, ह्यो घाल. बघू राजा दिसतोस का न्हाई.’

पोरानं दोन्ही हातांनी सदऱ्याचा गळा धरला. रडलं नाही, पळालं नाही. नुसतं अंग ताठ केलं आणि चन्नप्पाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बापाला म्हणालं, ‘काढू नगा आबा. आय ढुशी मारंल.’

चन्नप्पाला ऐकू गेलंच. ‘ढुशी? म्हस हाय व्हय रं तुजी आय?’ म्हणून तो पोट धरून हसला. बिरप्पाही हसला. अशा वेळी हसावंच लागतं. सदरा त्यानं नुसत्या अंदाजानं घेतला, पुडीत बांधून बगलेत मारला, आणि पोराला जवळजवळ ओढतच तिथून बाहेर काढलं. शहरात वाढलेलं पोर आईला ढुशी मारायला लावत नाही. तो शब्द मेंढरांतून आलेला होता, आणि वाक्य बिरप्पाचं स्वतःचं होतं.

कधी बोललो ते आठवायला त्याला वेळ लागला नाही. त्याच उन्हाळ्यात, सोमा जाऊन थोडेच दिवस झाले होते. मायाक्का पाण्याला गेली होती, उकाड्यानं पोराच्या मानेवर पुरळ उठलं होतं, आणि ते सदरा डोक्यावरून ओढून काढायला बघत होतं. बिरप्पानं त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, ‘काढू नगं. काढलास तर आय ढुशी मारंल.’ हसत म्हटलं होतं. निम्मं थट्टेनं. म्हणून झालं आणि तो गिरणीच्या भोंग्याची वाट बघत बसला, आणि भोंगा न होता तोही दिवस गेला, आणि बोललेलं तो विसरून गेला. बोलणारा विसरतो. पोराकडं मात्र ठेवायला दुसरं असतंच काय? त्यानं ते वाक्य जपून ठेवलं, सदऱ्याच्या आत, अंगाला लागून, आणि बापाला दोन वर्षं त्याचा पत्ता नाही.

पण मुळात ते वाक्य बिरप्पाचं तरी कुठं होतं? ते हरिबाचं होतं, त्याच्या बापाचं. माळावर मेंढरं बसवलेली असायची तेव्हाचं. एखाद्या मेंढीचं कोकरू मरायचं आणि तिचा पान्हा तटलेला असायचा. दुसरीकडं एखाद्या कोकराची आई मेलेली असायची आणि ते भुकेनं ओरडत असायचं. दोघांना एकत्र आणलं की भागलं, असं माणसाला वाटतं. मेंढीला तसं वाटत नाही. ती हुंगते, आपला वास नाही म्हणून ढुशी मारते, पुन्हा आलं तर पुन्हा मारते. मग हरिबा मेलेल्या कोकराचं कातडं काढायचा, अंगरख्यासारखं, पायांना चार भोकं ठेवून, आणि ओलं असतानाच त्या पोरक्या कोकराच्या अंगावर चढवायचा. मेंढी यायची. हुंगायची. वास आपल्याच लेकराचा. ती उभी राहायची आणि कोकरू शेपटी हलवत लुचायला लागायचं. बिरप्पानं हे लहानपणी कितीदा तरी बघितलं होतं, आणि दर वेळी त्याच्या अंगावर काटा आला होता. कौतुकाचा का भीतीचा हे त्याला कधी सांगता आलं नसतं. त्या कोकराचे डोळे त्याला आठवत. दुसऱ्याच्या कातड्यातून बघणारे ते डोळे फार हावरे असत आणि फार भ्यालेले असत.

हरिबानं बिरप्पाच्या पाठीवरून कधी हात फिरवला नाही. वाईट माणूस नव्हता. पोराला नावानं हाक मारावी, जवळ घ्यावं, हे त्याच्या गावीच नव्हतं; त्याची सगळी माया मेंढरांवर खर्च व्हायची आणि घरच्यांच्या वाट्याला उरायचं ते खेकसणं. थंडीत अशक्त कोकरं तो आपल्या घोंगड्यात घेऊन झोपायचा. एकदा पहाटे गारठ्यानं काकडून बिरप्पा त्या कोकरांत शिरला. हरिबानं अर्धवट झोपेत हात पुढं केला आणि त्याच्या पाठीवरून फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत, हळू, पुन्हा पुन्हा. बिरप्पा श्वास धरून पडून राहिला. तोंडातून शब्द निघाला तर बापाला कळेल हे कोकरू नव्हे, आणि हात थांबेल. त्याला तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण ते त्याच्या हाडात जाऊन बसलं होतं: माया हवी तर दुसरं कुणीतरी होऊन जावं लागतं, आणि गप्प राहावं लागतं. पुढं दुष्काळात मेंढरं संपली, हरिबा संपला, बिरप्पा सोलापुरात येऊन साच्यावर, गिरणीच्या मागावर, उभा राहिला. हाडात बसलेलं मात्र त्याच्याबरोबर गिरणीत आलं.

वाटेत कोपऱ्यावर एक कुत्रं आडवं पडलं होतं. पोर लगेच बिरप्पाच्या मागं झालं आणि त्यानं धोतर घट्ट धरलं. बिरप्पा थांबला. सोमा कुत्र्याला भ्यायचा. गुंडा नव्हे. गुंडा कुत्र्याच्या पिलांना कानाला धरून उचलून आणायचा, राजाबाईच्या आईनं त्यासाठी त्याला किती बडवलं होतं. तसंच जेवताना. सोमा डावखुरा होता, आणि आता हे पोरही डाव्या हातानं भाकरी मोडत होतं. मायाक्कानं शिकवलं म्हणावं तर तिनं सोमाला त्याच डाव्या हातावर चापट्या मारल्या होत्या. पोर आपलं आपण शिकलं. रोज थोडं थोडं. एवढंसं पोर, पण मेलेलं पोर कसं बसायचं, कसं भ्यायचं, कुठल्या कुशीवर निजायचं, हे त्यानं आठवून आठवून अंगात मुरवलं होतं, आणि ते करताना स्वतःला जागा उरली नाही म्हणून स्वतःला बाहेर ठेवलं होतं. बिरप्पानं कुत्र्याला हाकललं. आपला आवाज त्याला परका वाटला. गिरणीची चाळ सोडून भवानी पेठेत बिऱ्हाड केल्यापासून गल्लीत सगळे याला सोमाच म्हणत. इथं दोन पोरं होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं. गुंडा नावाचं एक पोर होतं हे या गल्लीत दोनच माणसांना माहीत, आणि ती दोघं आपसात ते नाव काढत नव्हती. उद्या मी साच्यात सापडलो तर, त्याच्या मनात आलं, आणि तो विचार त्यानं अर्ध्यातच सोडला.

तो उन्हाळा त्याला आठवायचा नव्हता, पण आता पायच त्या बाजूला चालले होते. गिरण्या बंद, रस्ते ओस, माणसं दाराआड. चाळीच्या खोलीत दोन पोरं तापानं फणफणलेली, अंगभर गोवर. मायाक्का दोघांच्या मध्ये बसून दोघांच्या कपाळावर एकाच फडक्याच्या पट्ट्या ठेवत होती. तेव्हा तिनं कमीजास्त केलं नाही, हे बिरप्पा कुणापुढंही सांगेल. सोमा गेला. पुरायला नेताना नाक्यावरच्या शिपायांना फडकं उघडून दाखवावं लागलं. बिरप्पा परत आला तेव्हा गुंडाचा ताप उतरला होता आणि ते पाणी मागत होतं. मायाक्का त्याच्याकडं बघत होती. तिनं पाणी दिलं नाही. नाही म्हणालीही नाही. नुसती बघत राहिली, आणि ती नजर बिरप्पानं पूर्वी बघितलेली होती, माळावर, हुंगून मान फिरवणाऱ्या मेंढीची. त्यानंतर ती जेवेना, बोलेना, पोर सरकत जवळ गेलं की उठून दुसऱ्या भिंतीला जाऊन बसे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक म्हणतात. पण तिच्या मनात साधा दुजाभाव नव्हता. हे जगलं म्हणून माझं गेलं, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत येऊन बसलं होतं. बिरप्पा पाण्याला जायला भिऊ लागला. पोराला तिच्यापाशी ठेवून जावं तर भीती, आणि मार्शल लॉच्या रस्त्यावर बरोबर घेऊन जावं तरी भीती. इकडं आड तिकडं विहीर, तसं झालं होतं. पोर भुकेनं वाळत चाललं होतं.

खुंटीवर सोमाचा सदरा होता. निळ्या पट्ट्यांचं ते कापड बिरप्पानंच आणलं होतं, मायाक्का घरात आली त्या महिन्यात, तिला बरं वाटावं म्हणून, एकट्या सोमापुरतं. गुंडा त्या सदऱ्याच्या पट्ट्यांवरून बोट फिरवायचा आणि विचारायचा, ‘मला?’ बिरप्पा म्हणायचा, ‘फुडल्या येळंला.’ सोमा गेल्यावर मायाक्का तो सदरा धुऊ देत नव्हती. उशाला घेऊन निजायची. एका दुपारी ती ग्लानीत पडली होती, सदरा तिच्या हातातून सुटला होता. बिरप्पानं तो उचलला आणि पोराच्या अंगात घातला. हात थरथरत नव्हते. ओळखीचं काम होतं, हातांना येत होतं. पोराला तो पुढल्या वेळचा सदरा आज मिळाला म्हणून कोण आनंद झाला. बिरप्पानं त्याला नेऊन तिच्या कुशीत ठेवलं आणि दाराशी उभा राहिला. तिनं डोळे उघडले. बराच वेळ ती बघत होती. मग तिनं नाक सदऱ्याच्या गळ्याशी नेलं आणि म्हणाली, ‘सोमा.’ आणि पोर गप्प राहिलं. बिरप्पाला हे आता आठवलं, बाजारातून घरी जाताना, की पोरानं तेव्हा श्वास धरला होता.

त्या संध्याकाळी तिनं पोराला भाकरी कुस्करून भरवली, आणि बिरप्पा बाहेर जाऊन आडोशाला रडला. जमलं होतं. पण हरिबाची निम्मीच धनगरी त्याच्या हातांना आली होती. उरलेली निम्मी त्याला आज आठवत होती. हरिबा म्हणायचा, ‘चढवायचं शानपन सगळ्यास्नी असतंय. काढायची येळ वळकायची, ती खरी धनगरी.’ मेंढीचं दूध कोकराच्या अंगात मुरलं, त्याला तिचा वास लागला, की कातडं उतरवायचं. आधी उतरवलं तर मेंढी ओळखते. बिरप्पानं ते पाहिलं होतं. एका कोकराला मेंढीनं काट्याच्या कुपाशी दाबून ढुशा मारल्या होत्या, आणि हरिबा पोचेपर्यंत कोकरू संपलं होतं. आणि उशिरा उतरवलं तर? तेही पाहिलं होतं. एका वर्षी हरिबा आजारी पडला आणि एका कोकराचं कातडं काढायचं राहून गेलं. मेंढी बिचारी पाजत होती, चाटत होती. सगळ्यांना वाटलं ठीक चाललंय. वास सुटला तेव्हा बिरप्पाच्या आईनं ते कातडं सोडवायला घेतलं, तर ते सुटेना. आत किडे झाले होते. खालची लोकर त्याच्याबरोबर निघून येत होती, आणि कोकरू ओरडतही नव्हतं. बिरप्पानं पोराकडं पाहिलं. पोर चालत होतं, एका हातानं बापाचं बोट धरून आणि दुसऱ्या हातानं सदऱ्याचा गळा.

भवानी पेठेतल्या त्यांच्या गल्लीत तेलुगू विणकरांचे माग चालू होते. दिवेलागण झाली होती. मायाक्का चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. पोर आत जाऊन हरिबाच्या जुन्या घोंगड्यावर बसलं, भिंतीला पाठ लावून. बिरप्पानं पुडी सोडून पांढरा सदरा मांडीवर ठेवला. त्याला वाटत होतं, काहीच बोलू नये. सदरा ठेवून द्यावा, पोर आपोआप मोठं होईल, हा आपोआप फाटेल. दोन वर्षं त्यानं असंच केलं होतं.

‘आनला की,’ मायाक्का न वळता म्हणाली. ‘घालून बघितला का?’

‘घालंना त्यो.’

‘का?’

बिरप्पानं मांडीवरच्या सदऱ्याची घडी केली. ‘तू ढुशी मारशील, म्हनतोय.’

तव्यावरच्या भाकरीवर तिचा हात थांबला. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती उतरवली. ‘कोन म्हनलं त्येला असं?’

‘मी,’ तो म्हणाला. आणि मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर, ‘बाजारात त्यो दिसंना, तवा मी गुंडा म्हून हाक मारली.’

या खोलीत ते नाव कुणी कधी काढलं नव्हतं. माग शेजारी चालूच होते. आता ती काय करेल हे बिरप्पाला कळेना. त्यानं नकळत अंग पुढं घेतलं, तिच्या आणि पोराच्या मध्ये.

‘आला का मग?’ तिनं विचारलं.

‘न्हाय.’

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ‘मला वाटलं हुतं, तुमी येळंवर काढचीला,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘ह्येच. सदरा.’ ती आता वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि ते बिरप्पाला रागापेक्षा भयंकर वाटलं. ‘मी काय मेंढी हाय व्हय, वासाला फसाया? मी बी धनगराचीच लेक हाय. डोळं उगडलं तवाच कळलं, ह्यो माजा न्हवं. उपाशी हुता, थरथरत हुता. सोमा म्हनलं, त्येला बरं वाटावं म्हून. मला बी बरं वाटलं. खोटं कशापायी बोलू?’

‘मग बोलली का न्हाईस?’

‘कशी बोलू? चढवलं तुमी. काढायचं काम धनगराचं, मेंढीचं न्हवं. रोज वाटायचं, आज काढत्याल, उद्या काढत्याल.’ तिनं पिठाचे हात पदराला पुसले. ‘तुमी काढंना. मग मलाच भ्या वाटाया लागलं, आता काढलं तर आतनं कोन निगतंय.’

बिरप्पाला वाटलं, आपण एकटेच भीत होतो म्हणून निदान भीती आपली होती. आता ती सगळ्या खोलीची झाली. एकाच खोलीत तीन माणसं एकमेकांना भिऊन गप्प राहिली होती, आणि त्या गप्प राहण्याला त्यानं संसार नीट चाललाय असं म्हटलं होतं. तो उठला. मायाक्का म्हणाली, ‘तुमीच काढा,’ आणि घोंगड्यासमोर येऊन बसली. पोर बापाला येताना बघत होतं. त्यानं दोन्ही हातांनी गळा आवळून धरला. बिरप्पानं एकेक बोट सोडवलं. पोराच्या बोटांत इतकी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं. सदरा काखेत अडकला, त्यानं हलक्या हातानं सोडवायला बघितलं, पोरानं अंग आक्रसून घेतलं, आणि गळ्यापाशी उरलेलं ते जुनं कापड टर्रकन फाटलं. सदरा हातात आला. त्याला वजनच नव्हतं.

पोर रडलं नाही. त्यानं डोळे घट्ट मिटले, मान खाली घातली आणि पोट आत ओढून घेतलं. बिरप्पाला समजलं, ते ढुशीची वाट बघत होतं. छातीची एकेक फासळी दिसत होती. बगलेत शिवणीचे वळ उठले होते, जुने, काळे पडलेले. बिरप्पाला तिथं हात लावायचा होता, पण हात पुढं होईना. आयुष्यात त्याच्यावर असा हात फिरला होता तो एकदाच, आणि तो चुकून. मायाक्का पुढं झाली. तिनं तळवा पोराच्या छातीवर ठेवला. पोर शहारलं, पण हललं नाही. ती तशीच थांबली. मग वाकून तिनं त्याच्या टाळूचा वास घेतला, आणि त्या नावाची जिभेला सवय नसल्यासारखी, एकेक अक्षर सांभाळून, हाक मारली.

‘गुंडा.’

पोरानं डोळे उघडले. आधी दाराकडं पाहिलं, कोण आलं ते. दारात कुणी नव्हतं. गल्लीतला अंधार होता आणि मागांचा आवाज. तरी ते बराच वेळ तिकडंच बघत राहिलं. मग अंग चोरून ते घोंगड्यावर थोडं बाजूला सरकलं, आणि त्यानं आपल्या शेजारी एका पोरापुरती जागा केली.